पाण्याचा तांब्या हातात देऊ नकोस

अगं, आधी एक कर. भेटायला येणारा जो तो दारातूनच 'काकू, अजिबात हलू नका हं' म्हणतोय, ते बंद कर. वहिनीच्या खुब्यात बॉल बसवलाय. डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी तिला वॉकर धरून उभं केलं, आणि घरी आल्यापासून तुम्ही पाण्याचा तांब्याही हातात देताय. एवढी माया बरी नव्हे. माझा जन्म फिजिओथेरपीत गेला, म्हणून हक्कानं सांगते.

पडून राहिलं की पायांतली ताकद भराभर उतरते. अमेरिकेत २००७ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. चांगल्या धडधाकट वयस्कर माणसांना दहा दिवस नुसतं पलंगावर ठेवलं होतं. तेवढ्यात पायांतलं मिळून किलोभर मांस झडलं. त्यांचं तर हाडही मोडलं नव्हतं. वहिनी शहात्तरची, त्यात ऑपरेशन झालेलं. विचार कर.

घोटे वरखाली करणं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबणं, टाच गादीवरून घासत जवळ ओढणं, हे सगळं करू दे. पायात रक्त साकळू नये म्हणून घोटे तर तासातासाला हलले पाहिजेत. पण हा सुरुवातीच्या दिवसांचा व्यायाम झाला. सहा महिन्यांनीही पलंगावर पडून पाय हलवणारी आणि 'मी रोज व्यायाम करते' म्हणणारी माणसं मी ढिगानं पाहिली. त्यातली निम्मी धरल्याशिवाय संडासला जात नव्हती.

खरा व्यायाम खुर्चीतून उठण्याचा. हात असलेली खुर्ची घे, पाठीमागून भिंतीला टेकव. प्लॅस्टिकची नको, ती सरकते. सोफा तर नकोच, माणूस आत रुततो. बैठक वहिनीच्या गुडघ्यापेक्षा उंच हवी, नसेल तर खाली घट्ट उशी घाल. तिनं आधी काठाशी सरकायचं, ऑपरेशनचा पाय थोडा पुढे ठेवायचा, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर टेकवायचे आणि रेटून उठायचं. वॉकर धरून स्वतःला ओढायचं नाही, तो अंगावर उलटतो. उठल्यावर लगेच पाऊल टाकू देऊ नकोस. दहा आकडे मोजू दे, चक्कर येते का ते कळतं. तू बाजूला उभी राहा, पण काखेत हात घालून उचलू नकोस. बसताना पोटऱ्यांना खुर्ची लागेपर्यंत मागे यायचं, हात मागे न्यायचे आणि सावकाश टेकायचं. सगळी माणसं इथेच धपकन बसतात. मांडीच्या स्नायूला खरं काम या सावकाश उतरण्यातच मिळतं, ते असं फुकट घालवू नका.

सुरुवातीला पाच वेळा, दिवसातून तीनदा. ते सोपं वाटायला लागलं की हातांवरचा भार कमी करायचा, मग एकाच हाताचा आधार. सर्जननं वाकायची मोकळीक दिली की उशी काढायची आणि दोन्ही पाय सारखे ठेवायचे. सोपं झालेलं महिनोन्‌महिने करत बसण्यात अर्थ नाही. वयाची सबब तर मला सांगूच नकोस. बॉस्टनमध्ये नव्वदीच्या माणसांना वजनं उचलायला लावली होती, १९९० सालची गोष्ट. आठ आठवड्यांत त्यांच्या मांड्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. वहिनी त्यांच्यापुढे पोर आहे.

चालताना आधी वॉकर, मग दुखरा पाय, मग चांगला. पुढे काठी आली की ती चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात. सगळे हटकून दुखऱ्या बाजूला धरतात. मागच्या दाराच्या तीन पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. आता तो तांब्या. वॉकर धरला की दोन्ही हात गुंतले, म्हणून पाणी ओट्यापाशी ठेव आणि तिला तिथे जाऊन उभ्यानं पिऊ दे. तहान लागेल तितक्या फेऱ्या आपोआप होतील. चष्मा, मोबाईल आणि जपमाळेसाठी वॉकरला पुढून हलकी कापडी पिशवी बांध. पायपुसणी उचल, न्हाणीत हाताला धरायला दांडा बसवून घे, गाऊन घोट्याच्या वर शिवून घे.

सर्जन हो म्हणेपर्यंत मांडी घालणं, पाटावर बसणं, उकिडवं बसणं, पायावर पाय टाकणं बंद. पूजा खुर्चीवर बसून करू दे, देवाला चालतं. कुशीवर झोपताना दोन्ही पायांमध्ये उशी.

दुखणार तर आहेच. डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी दे. त्या दिवशी दुखलं आणि सकाळपर्यंत निवळलं, तर चालू ठेवायचं. दुसऱ्या दिवशीही ठणकत राहिलं, तर थोडं कमी करायचं, बंद नाही. पण पोटरी सुजून गरम लागली, पाय एकाएकी आखूड किंवा वळलेला दिसला, तर व्यायाम थांबवून लगेच डॉक्टरांना फोन. दम लागला किंवा छातीत दुखलं, तर फोनचीही वाट पाहू नकोस, सरळ दवाखाना गाठ.

दादानं डिंकाचे लाडू सांगितलेत म्हणे. खाऊ दे, पण लाडवानं मांडी भरत नाही. किडनीचं काही नसेल तर प्रत्येक जेवणात घट्ट वरण, उसळ, अंडं, पनीर किंवा वाटीभर दही यांतलं काहीतरी हवंच. आणि पुढच्या तपासणीला हाडं ठिसूळ झाल्याचं औषध विचारूनच ये. आठवड्याची गोळी असते, वर्षातून एकदा घ्यायचं सलाईनही असतं. टाके काढायच्या गडबडीत ते राहून जातं, आणि मग दुसरा खुबा मोडतो. गोळी दिली तर ती सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. चहासुद्धा त्यानंतर. वहिनी कुरकुरेल.

शनिवारी मी तुला फोन करते. खुर्चीतून किती वेळा उठली ते वहिनीलाच विचारीन, तू मध्ये बोलू नकोस. आणि फोन तिच्या पलंगावर नेऊन देऊ नकोस, बाहेरच्या खोलीतच ठेव. पोहोचेपर्यंत मी रिंग वाजू देईन.