पाटीवरची अंडी

(सामान्य विज्ञान : वरिष्ठ प्राथमिक वर्गांसाठी निरीक्षणपाठ व शिक्षकांस सूचना)

१. पाठाचा हेतू

पक्षी अंडी उबवितो, गाय वासरास चाटते, हे आपल्या मुलांनी प्रत्यक्ष पाहिलेले असते. मासाही आपल्या पिलांची काळजी घेतो, हे मात्र त्यांस सहसा ठाऊक नसते. पावसाळ्यात रोहू, कटला हे मासे पुराच्या पाण्यात लाखांनी अंडी सोडतात व निघून जातात. पुढचे सारे दैवावर. याच्या उलट रीत सिक्लिड नावाच्या कुळातील माशांची आहे. त्यांची अंडी थोडी असतात, परंतु आईबाप ती जिवापाड राखतात. ही रीत घरच्या किंवा शाळेच्या काचटाकीत मुलांना दिवसागणिक दाखविता यावी व तिच्या निमित्ताने निरीक्षण, नोंद आणि संयम या तीन सवयी त्यांच्या अंगी बाणाव्यात, हा या पाठाचा हेतू होय.

२. आपल्या ओळखीचे सिक्लिड

सिक्लिड हे केवळ परदेशी कुळ नव्हे. कोकण व गोमंतकाच्या खाड्यांतील कालुंदर हा मासा याच कुळातला. नर व मादी मिळून पाण्यातील दगडास किंवा लाकडास अंडी चिकटवितात व दोघेही पहारा करतात. हाच मासा केरळात करीमीन म्हणून प्रसिद्ध असून २०१० साली त्या राज्याने त्यास राज्यमासा ठरविले.

दुसरा सिक्लिड तिलापिया; त्यास आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी चिलापी म्हणतात. मूळ आफ्रिकेतील हा मासा १९५२ साली भारतात आणला गेला. त्याची मादी अंडी तोंडात धरून ठेवते आणि पिले पोहू लागल्यावरही संकटाची चाहूल लागताच त्यांस पुन्हा तोंडात घेते.

तिसरा, आणि आपल्या पाठाचा नायक, एंजल मासा. दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यात हा मूळचा राहणारा. चपटे अंग, वरखाली लांब पर व काळे उभे पट्टे यांमुळे तो कोणाही मुलास एकदा पाहून ओळखता येतो. शोभेच्या माशांच्या दुकानांत तो सहज मिळतो. यास्तव पाठासाठी तोच घ्यावा.

३. टाकीची तयारी

जोडीसाठी ६० सेंटिमीटर लांब, ४० रुंद व ४५ उंच अशी टाकी पुरे. मुलांकडून गुणाकार करवून घ्यावा : एकंदर १०८ लिटर पाणी, म्हणजे शंभर किलोहून अधिक वजन. यावरून टाकी डगमगत्या मेजावर का ठेवू नये, हे मुले आपण होऊन सांगतील.

शेंदूरजनाघाट, वरूड, मोर्शी या संत्र्याच्या पट्ट्यात विहिरींचे व बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते. साबणास फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही, अशी तक्रार घरोघरी ऐकू येते. एंजल मासा अशा पाण्यात जगतो. परंतु पाणी फार जड असल्यास त्याची अंडी कमी फळतात. यास्तव पहिले दोन-तीन पाऊस छप्पर धुऊन गेल्यावर पुढच्या पावसाचे स्वच्छ पाणी झाकून साठवावे व विहिरीच्या पाण्यात निम्मे मिसळावे. नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असते. ते उघड्या पिंपात निदान एक दिवस ठेवून मगच वापरावे.

टाकीत हवेच्या पंपावर चालणारी स्पंजची गाळणी लावावी. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया हे विष तयार होते. त्याचे रूपांतर करणारे उपकारक जीवाणू त्या स्पंजात वस्ती करतात. ही वस्ती बसण्यास चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून टाकी भरल्या दिवशीच मासे भरावयाचे नाहीत. आरंभी दोनच मासे ठेवून संख्या हळूहळू वाढवावी. स्पंज धुवावयाचा झाल्यास टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळावा, नळाखाली नव्हे.

ऋतूची निवड महत्त्वाची. एंजल जोडीस २६ ते २८ अंश सेल्सिअस उष्णता मानवते. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो, तर पौषातील रात्री कडाक्याच्या असतात. तेव्हा पाऊस ओसरल्यापासून दिवाळीपर्यंतचा काळ या पाठास उत्तम. टाकी पत्र्याखाली न ठेवता घराच्या मधल्या खोलीत ठेवावी. वीज गेल्यास पंप बंद पडतो व पाण्यातील प्राणवायू कमी होतो. अशा वेळी तांब्याने पाणी उचलून वीतभर उंचीवरून, अंड्यांपासून दूरच्या कोपऱ्यात, पुन्हा टाकीत सोडत राहावे.

आपल्या भागासाठी एक विशेष सावधगिरी. बागेत फवारणी करून आलेला हात टाकीत कदापि घालू नये. कीटकनाशकाचा अत्यल्प अंशही माशांस घातक ठरतो. डासांसाठी मारावयाचे फवारेही त्या खोलीत वर्ज्य समजावेत.

४. जोडी कशी जमते

एंजल माशाचे नर-मादी एरवी दिसण्यावरून ओळखता येत नाहीत. म्हणून सहा लहान मासे आणून एकत्र वाढवावेत. आठ-दहा महिन्यांचे झाल्यावर त्यांपैकी दोघे इतरांपासून वेगळे राहू लागतात, एक कोपरा धरतात व तेथे येणाऱ्यास हुसकावतात. ही जोडी जमल्याची खूण. तेव्हा उरलेले चार मासे दुसऱ्या टाकीत हलवावेत. अन्यथा त्यांचे पर फाटतील.

आता जोडीस अंडी घालण्यासाठी उभा, गुळगुळीत पृष्ठभाग हवा. रानात त्यास रुंद पान मिळते. आपल्याजवळ त्याहून सोईची वस्तू आहे, ती म्हणजे जुनी दगडी पाटी. लाकडी चौकट काढून पाटी स्वच्छ धुवावी व टाकीत किंचित कलती उभी करावी. काळ्या पाटीवर अंडी स्पष्ट दिसतात आणि मुलांस आपल्या पाटीचा हा नवा उपयोग फार आवडतो.

अंडी घालण्यापूर्वी एक-दोन दिवस दोघे मासे तोंडाने पाटी घासून साफ करतात. याच वेळी त्यांच्या पोटाखाली लहानशी नळी दिसू लागते : मादीची जाड व बोथट, नराची बारीक व टोकदार. मादी पाटीवरून खालून वर सरकत ओळीने अंडी चिकटविते व नर मागोमाग जाऊन ती फलित करतो. अशी काही शे अंडी घातली जातात.

५. अंड्यापासून पिलापर्यंत

मुलांनी पुढील क्रमाने नोंद ठेवावी.

पहिला दिवस : अंडी मधाच्या रंगाची व पारदर्शक. आईबाप आळीपाळीने परांनी वारा घालावा तसे पाणी हालवितात. यामुळे अंड्यांस प्राणवायू मिळतो व त्यांवर गाळ बसत नाही.

दुसरा दिवस : काही अंडी पांढरी पडतात. ती न फळलेली होत. त्यांवर बुरशी येते व ती शेजारच्या अंड्यांवर पसरू शकते. आईबाप अशी अंडी वेचून काढतात.

तिसरा दिवस : अंडी फुटतात. पिले पाटीस डोक्याने चिकटून शेपटी वळवळवितात. त्यांस अद्याप पोहता येत नाही. पोटाखालच्या बलकाच्या पिशवीवर ती जगतात. एखादे खाली गळलेच, तर आई किंवा बाप ते तोंडात धरून पुन्हा जागेवर आणून चिकटवितो.

सातव्या-आठव्या दिवसाच्या सुमारास : बलक संपतो व पिले पोहू लागतात. आईबापांभोवती त्यांचा ढगासारखा घोळका फिरतो. अन्न द्यावयाचे ते येथून.

पाणी थोडे थंड असल्यास हा क्रम एखाद्या दिवसाने लांबतो.

६. एक अनुभव

प्रस्तुत लेखकाच्या शेंदूरजनाघाट येथील घरी प्रथम अंडी पडली ती सायंकाळी. आनंदाच्या भरात आळीतील सारी मुले बोलाविली. दिवेलागण झाल्यावर विजेरीचा झोत पाटीवर टाकून अंडी मोजण्याचा कार्यक्रम झाला. कोणी काचेवर बोटे वाजविली. सकाळी पाहतो तो पाटी कोरी. "गुरुजी, अंडे कोठी गेले?" या प्रश्नास मी उत्तर दिले, "मायबापांनीच खाल्ली." मुलांचा निवाडा तत्काळ झाला. हे मासे दुष्ट आहेत, असे ती म्हणू लागली. एक मुलगा तर त्या दिवसापासून टाकीजवळ येईना.

माझे उत्तर खरे होते, परंतु अपुरे होते. सिक्लिड अंडी खातात त्यास कारणे असतात. जोडी नवखी असते, पाणी बिघडलेले असते, अंडी फळलेली नसतात, किंवा जागा सुरक्षित नाही अशी त्यांची खात्री होते. अंधारात एकाएकी पडलेला झोत व काचेवरचे ठोके त्यांच्या लेखी शत्रूचा हल्लाच होय. वाचण्याची आशा नाही असे वाटले की, ती अंडी गिळून मासे आपली शक्ती पुढील खेपेसाठी राखतात. दोष त्यांचा नव्हता. विजेरी माझ्या हाती होती.

सुमारे दोन आठवड्यांनी त्याच जोडीने पुन्हा अंडी घातली. या वेळी टाकीच्या तीन बाजूंस खाकी कागद लावला. रात्री खोलीच्या कोपऱ्यात एक मंद दिवा तेवत ठेवला, म्हणजे एकदम अंधार वा एकदम उजेड होऊ नये. दिवसातून एकाच वेळी, दोनच मुलांनी, चार पावलांवरून पाहावयाचे असा नियम केला. तरीही ती अंडी दुसऱ्या दिवशी नाहीशी झाली. तिसऱ्या खेपेस मात्र पिले पोहू लागली व त्यांपैकी साठांवर पिले रुपयाएवढी झाली. पहिल्या दिवशी रुसून गेलेला मुलगा नोंदवही लिहावयास आपण होऊन आला. मुलांसमोर मी माझी चूक सांगितली, हे येथे नमूद करतो. शिक्षकाने आपली चूक सांगितल्याने पाठाचे नुकसान होत नाही.

आपल्या भागातील मुलास हा संयम परका नाही. संत्र्याच्या बागेस ताण देऊन बहाराची वाट पाहणारा बाप त्याने पाहिलेला असतो. फुले धरली की झाड कोणी हालवीत नाही.

७. अंडी वेगळी काढावयाची झाल्यास

चार-पाच खेपा होऊनही जोडी अंडी खातच असेल, तर पाटी दुसऱ्या लहान टाकीत हलविता येते. पाणी त्याच टाकीतील घ्यावे, उष्णता सारखी राखावी व हवेचे बुडबुडे अंड्यांवर न येता त्यांच्या शेजारून वर जातील असे करावे. पाणी फिकट निळे दिसेल इतके मेथिलीन ब्लू घातल्यास बुरशीस आळा बसतो. हे औषध मोठ्या टाकीत घालू नये. स्पंजातील उपकारक जीवाणू त्याने मरतात. या रीतीने पिले अधिक वाचतात हे खरे. परंतु आईबापांची राखण पाहावयास मिळत नाही. आपला हेतू शिक्षणाचा असल्याने आधी जोडीसच संधी द्यावी.

८. पिलांचे अन्न

पोहू लागलेल्या पिलांस कोरडा चुरा चालत नाही. हालणारे जिवंत अन्न लागते. आर्टेमिया नावाच्या खाऱ्या पाण्यातील सूक्ष्म जीवाची वाळलेली अंडी दुकानात मिळतात. लिटरभर पाण्यात सुमारे २५ ते ३० ग्रॅम मीठ घालून, हवा खेळती ठेवल्यास ती एक-दीड दिवसात फुटतात. हे जीव बारीक कापडाने गाळून, गोड्या पाण्याने धुऊन, दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे द्यावेत. उरलेले अन्न व गाळ बारीक रबरी नळीने रोज काढावा आणि काढले तेवढेच, त्याच उष्णतेचे पाणी हळू घालावे. बहुतेक पिले मरतात ती उपासमारीने किंवा घाण पाण्याने.

९. टाकीतील मासा टाकीतच

पिले वाढली की जागा अपुरी पडते व कोणीतरी सुचवितो, "सोडून द्या विहिरीत, नाही तर नदीत." हे कदापि करू नये. तिलापियाचे उदाहरण मुलांसमोर ठेवावे. ज्या संगोपनाचे आपण कौतुक केले, त्याच गुणामुळे त्याची पिले मोठ्या संख्येने वाचली, तो देशभर तळी व जलाशयांत पसरला आणि स्थानिक माशांचे अन्न व जागा त्याने बळकावली. परका मासा वर्धा नदीत किंवा गावतळ्यात सोडणे ही दया नव्हे. जादा पिले दुकानदारास परत द्यावीत किंवा दुसऱ्या शाळेस भेट पाठवावीत. तितकी सोय नसेल, तर जोडीसमोरची पाटी काढून ठेवावी.

१०. स्वाध्याय

(१) रोहू लाखांनी अंडी घालतो व एंजल मासा शेकड्यांनी. तरी दोघांचाही वंश टिकतो. हे कसे?

(२) मासा पांढरे अंडे काढून खातो व घाबरलेला मासा चांगले अंडे खातो. या दोन कृतींतील भेद सांगा.

(३) आपल्या घरच्या विहिरीचे पाणी व पावसाचे पाणी सारख्या बाटल्यांत घेऊन, सारखाच साबण घालून हालवा. फेसाची उंची मोजून नोंद करा.

(४) आपल्या अंगणातील एखादा पक्षी घरटे करीत असल्यास दुरून आठ दिवस पाहा व एंजल जोडीशी तुलना करा. घरट्यास हात लावू नये.

शिक्षकांस अखेरची सूचना : पहिल्या खेपेस अपयश आल्यास पाठ सोडू नये. कोरी पाटी पाहून मुलांनी विचारलेला प्रश्न हाच पुष्कळदा पाठाचा खरा आरंभ असतो.