डोंगरउताराची तांबडी माती : गुण, दुखणे आणि निगा



भूगोलाच्या पुस्तकात 'जांभी मृदा' हा शब्द आपण सर्वांनी वाचला आहे. आपल्या गोव्यात ही मृदा घराच्या चिऱ्यांत आहे, काजूच्या बागेत आहे आणि पावसाळ्यात ओहळाच्या लाल पाण्यातही आहे. रोज पाहतो म्हणून तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. या अंकात तिची ओळख करून घेऊ.

ही माती झाली कशी?

गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे एका चौरस मीटरवर ३००० लिटर पाणी! त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, आणि पुढे कडक ऊन. हजारो वर्षे असे चालल्याने खडकातील चुना, मॅग्नेशियम, पोटॅश हे विरघळणारे घटक धुऊन गेले. लोह आणि ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे राहिली. लोहामुळे रंग तांबडा झाला. फ्रान्सिस बुकानन याने १८०७ साली या दगडाला 'लॅटेराइट' हे नाव दिले. लॅटिन भाषेत 'लेटर' म्हणजे वीट. ताजा कापला की मऊ आणि वारा लागला की टणक, हा चिऱ्याचा गुण आपल्या पाथरवटांना त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होता.

आपल्या वाडवडिलांनी जमिनीला जागेप्रमाणे नावे दिली आहेत : उंचावरची मोरड, मधली वाळूसर खेर आणि खाडीकाठची खाजन. आजचा विषय उतारावरच्या जमिनीचा.

दोन दुखणी

पहिले आम्लतेचे. आम्लता सामू (पीएच) या अंकाने मोजतात. ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल. सामू एकाने उतरला की आम्लता दहापट वाढते. म्हणजे ५.५ सामूची माती ६.५ च्या मातीपेक्षा दहापट आम्ल! अशा मातीत लोह व ॲल्युमिनियम स्फुरदाला घट्ट धरून ठेवतात, त्यामुळे खत घालूनही ते मुळांना मिळत नाही. सामू ५.५ च्या खाली गेला तर विरघळलेले ॲल्युमिनियम कोवळ्या मुळांना इजा करू लागते.

दुसरे दुखणे रेताडपणाचे. वाळू-खडे जास्त आणि चिकणमाती कमी, म्हणून पाणी झटकन खाली जाते आणि अन्नद्रव्येही सोबत नेते. पण गुणही आहेत. पाणी साचून मुळे कुजत नाहीत. काजू आणि अननस यांना ही माती मानवते. काणकोण तालुक्यातील खोला गावची मिरची पावसाळ्यात डोंगरउतारावरच पिकते. तिला २०१९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला.

निगा कशी राखावी?

कामांचा क्रम महत्त्वाचा आहे.

१. आधी माती अडवावी. समपातळीवर दगडी बांध किंवा चर घालावेत, वाळ्याच्या ओळी लावाव्यात. काजूच्या झाडाला उताराच्या खालच्या बाजूने अर्धचंद्राकृती भर द्यावी.

२. मग पालापाचोळा. रेताड मातीची पाणी धरण्याची ताकद वाढते ती कुजलेल्या पाल्याने. गिरिपुष्पाचा पाला, शेणखत, कुळीथ-चवळीसारखी पिके उपयोगी पडतात. कुळागरात पोफळींच्या बुंध्याशी पाला घालण्याची आपली जुनी रीत हेच काम करते.

३. चुना तपासणीनंतरच. रेताड मातीला भारी मातीपेक्षा चुना कमी लागतो. अंदाजाने जास्त घातला तर जस्त, लोह यांची कमतरता होते. चुना आणि युरिया एकदम घालू नयेत, नत्र वायू होऊन उडून जाते.

४. खत हप्त्याहप्त्याने. भर पावसात एकदम घातलेले खत ओहळाला जाते.

एक गणित

एक हेक्टर उतारावरून केवळ एक मिलिमीटर जाडीची माती गेली तर ती किती? १०,००० चौरस मीटर गुणिले ०.००१ मीटर, म्हणजे १० घनमीटर. एक घनमीटर माती सुमारे १.३ टन धरली तर १३ टन! डोळ्यांना हा थर दिसतही नाही. उन्हाळ्यात गवत जाळले, किंवा उतार उभा कापून उघडा टाकला, की पहिल्याच पावसात हे सुरू होते. ती माती खालच्या कुळागराच्या पाटात, शेतात आणि नदीत जाऊन बसते. वरच्याचे नुकसान होते आणि खालच्याचेही. एवढा थर पुन्हा तयार व्हायला कित्येक वर्षे लागतात.

करून पाहा

• काचेच्या बाटलीत एक भाग माती व तीन भाग पाणी घालून हलवा आणि दिवसभर ठेवा. वाळू, गाळ, चिकणमाती यांचे थर पट्टीने मोजा.

• दोन ट्रे सारखे तिरके ठेवा. एकात उघडी माती, दुसऱ्यात पाल्याने झाकलेली. झारीने सारखेच पाणी घाला. खाली आलेल्या पाण्याचे रंग ताडून पाहा.

• घरच्या भाटातील मातीचा सामू, पावसाच्या पाण्यात कालवून, सामू-कागदाने पाहा.

पालकांना विनंती, की मृदा आरोग्य पत्रिका योजना २०१५ साली सुरू झाली आहे. तिच्याखाली मातीची तपासणी करून घ्यावी आणि मगच चुना-खताचा खर्च करावा. विश्वस्त मंडळालाही आमचे सांगणे आहे, की शाळेच्या उतारावर या पावसाळ्यापूर्वी समपातळीचा एक बांध आणि वाळ्याच्या दोन ओळी झाल्या, तर मुलांना पुस्तकातला हा धडा डोळ्यांनी पाहता येईल आणि शाळेची मातीही शाळेतच राहील. बांधाची आखणी मुलांकडूनच करून घेण्याची आमची तयारी आहे.