आधी सांदवाडी बघ

ब्रह्मपुरी

चि. धाकटीस,


तू पाठवलेला ‘होम जिम सेट’चा फोटो बघितला. वीस किलोच्या प्लेटा, तीन दांडे, हातमोजे, ग्रिपर, उड्या मारायची दोरी, सगळं एका पेटीत. ‘घेऊ का?’ विचारलंस. घेऊ नकोस. पण नुसतं नाही म्हणून भागणार नाही, तेंदूपत्त्याच्या हंगामात साठवलेले पैसे तू कुठंतरी घालशीलच. तेव्हा नीट सांगतो.

ताकदीचा व्यायाम घरीच करायचा हे तुझं मला पटलं. ऑगस्ट 2025 मध्ये काटलीजवळ, तुमच्याच आरमोरी-गडचिरोली रस्त्यावर, पहाटे व्यायामाला निघालेल्या सहा पोरांना ट्रकनं उडवलं, त्यातली चार गेली. वाघाचं तर तुला मी काय सांगावं? तेरा माणसं मारणारा सीटी-1 वडशाच्या जंगलात पकडला तो ऑक्टोबर 2022 मध्ये. तो गेला म्हणून जंगल काही रिकामं झालं नाही. धावायला बाहेर जावंच लागेल, पण उजाडल्यावर आणि मैदानावर. महामार्गाच्या कडेनं अंधारात धावायचं नाही, मैत्रिणी सोबत असल्या तरी नाही.

आता सामान. भरतीत आणि भरतीनंतर तुला काय करायचंय ते आधी बघ, दुकान मागून. पोलीस भरतीत मुलींना 800 मीटर, 100 मीटर आणि 4 किलोचा गोळा. वनरक्षकाला 3 किलोमीटर धावणं, शिवाय चार तासांत 16 किलोमीटर चालणं. नोकरी लागली की पाठीवर पाणी-डबा घेऊन बीटभर हिंडायचं, नाल्यात उतरायचं, पलीकडे चढायचं, उन्हाळ्यात वणवा विझवायला पळायचं. म्हणजे उचलणं, वाहून नेणं, ढकलणं, ओढणं आणि जमिनीवरून झटकन उठणं. त्या पेटीतल्या आखूड दांड्यांनी दंड फुगतील; या पाचांतलं त्यांनी फार थोडं होईल. प्लेटाही बहुतेक प्लास्टिकच्या, आत सिमेंट भरलेलं. आमच्या तरुणपणी मासिकांतून बुलवर्करच्या जाहिराती यायच्या, तो हुरूप निराळा नव्हता.

तुझ्या अंगात काय आहे आणि काय नाही, हेही बघ. रोवण्याच्या दिवसांत तू दिवसभर बांधीत वाकून असतेस. डोक्यावर गुंड आणतेस. पाय आणि चिवटपणा तुला विकत घ्यायचा नाही. ढकलण्यासाठी जोर आहेत, त्यांना जमीन पुरते. उणं आहे ते ओढणं. विहिरीवर रहाट होता तोवर पोरींचे खांदे-पाठ आपोआप तयार व्हायचे. हातपंप आणि नळ आल्यापासून अंगाकडे ओढायचं काम घरात उरलंच नाही. वाकून वाकून खांदे पुढे आले आहेत तुझे, दिवाळीला बघितलं मी. म्हणून पहिला पैसा बारवर घाल.

दाराच्या चौकटीत अडकवायचा बार नको. तुमची चौकट जुनी, भिंत मातीची. बारासकट चौकट हातात येईल. मागं सांदवाडीत दोन लोखंडी खांब दोन फूट खोल सिमेंटात गाडून घे, वर सव्वा इंची जीआय पाइप. (जंगलातून बल्ली तोडून आणू नकोस. वनरक्षक व्हायचंय ना?) वेल्डिंगवाल्याला एकच पाइप सांगू नकोस, दोन सांग. एक वरचा, हात वर करून टाचा उचलल्यावर धरता येईल इतका. दुसरा कंबरेएवढा, आणि तुझं खरं काम काही महिने याच्यावरच आहे. त्याच्याखाली उताणी हो, पाइप धर, टाचा जमिनीवर, अंग फळीसारखं सरळ, आणि छाती पाइपाला लाव. जमलं नाही तर गुडघे दुमडून पाय जवळ घे. जमू लागलं की पाय लांब कर. वरच्या पाइपाला नुसतं लोंबकळायचं, मग उडी मारून वर जायचं आणि सावकाश खाली यायचं. वर ओढून घेणं त्यातूनच येतं, लगेच आलं नाही म्हणून सोडू नकोस.

दुसरं सामान फुकटचं. रेतीचं पोतं. रेती आधी उन्हात पसरून पुरती वाळव, कारण ओली रेती जड भरते आणि वाळली की वजन बदलतं. मग तू ताकद वाढली म्हणून खूश होशील. वाळलेली रेती लिटरला साधारण दीड ते पावणेदोन किलो. जाड प्लास्टिकच्या पिशव्यांत पाच-पाच किलो भरून, तोंडं दोनदा बांधून, बारदान्यात घाल. वजन किराणा दुकानातल्या काट्यावर करून घे. दहा किलोपासून सुरू कर, नंतर एकेक पिशवी वाढव. तो कट्टा छातीशी धरून बैठका, खांद्यावर घेऊन सांदवाडीच्या फेऱ्या, जमिनीवरून उचलताना पाठ सरळ आणि वाकणं खुब्यातून. कंबरेत कळ आली की त्या दिवशी बंद. धानाचा 40 किलोचा कट्टा भाऊजी उचलतात म्हणून तू लगेच त्याला हात घालू नकोस. आणि फवारणीचा पंप पाठीवर चांगला बसतो खरा, पण व्यायामाला तो नको, कितीही धुतला तरी.

कॅटलबेल हवीच असेल तर एक घे, आठ किलोची, बिडाची. रशियात ती मुळात धान्य तोलायचं माप होती, सोळा किलोच्या थोडी वर. पण माझा जीव लाकडी मुद्गलांवर. इंग्रजी फौजेनं ते इथून उचलून युरोपात नेले, 1904 आणि 1932 च्या ऑलिंपिकमध्ये त्यांची स्पर्धासुद्धा झाली. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 चं, त्यांच्या पथकानं 1936 साली बर्लिनला आपले देशी खेळ दाखवले. तुझ्या पुढं आलेल्या खांद्यांना मुद्गलाइतकं दुसरं काही मानवणार नाही. सुतार ओळखीचा असेल तर दोन-दोन किलोची जोडी करून घे, मूठ तुझ्या हाताच्या मापाची. लाकडाला आणि लोखंडाला पावसाळ्याआधी जवसाचं तेल चोळ.

रबराचा पट्टा स्वस्त आहे, वरच्या बाराला अडकवून पाय टेकवायला कामी येतो. पण आपल्याकडचा उन्हाळा त्याला खातो. टिनाखाली ठेवलास तर मे महिन्यात तडकेल आणि ताणलेला तुटला तर तोंडावर बसेल. टाल्कम पावडर लावून आतल्या कोठीत ठेव, ओढण्याआधी रोज बोटांनी चाचपून बघ.

दोरी कुठलीही चालेल. ग्रिपर, हातमोजे, पोटाची चाकं सोड.

गोळा मात्र विकत घेऊ नकोस. तो मीच आणतो, काट्यावर घालून, नेमका 4 किलोचा. येत्या रविवारी येईन; ताईला सांग, जेवायला थांबेन. तोवर खांबांची जागा ठरवून ठेव. गोठ्याच्या बाजूला नको, पावसात तिथं चिखल होतो.

तुझा,
मामा