फेडर, चॅनेल आणि निवेदकाचे वाक्य

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला –
• ध्वनिमिश्रण फलकावरील एका चॅनेलची रचना सांगता येईल.
• गेन, क्यू, चालू-बंद कळ आणि फेडर यांची कार्ये वेगवेगळी स्पष्ट करता येतील.
• मराठी वाक्यरचना आणि फेडरची हाताळणी यांचा संबंध सोदाहरण मांडता येईल.

प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, नभोवाणीसाठी लिहिलेली संहिता श्रोत्यापर्यंत पोहोचते ती ध्वनिमिश्रण फलकातून, म्हणजे प्रचारातील शब्दांत ‘मिक्सर’ किंवा ‘कन्सोल’मधून. नागपूर येथे आकाशवाणीचे केंद्र १९४८ साली सुरू झाले. पुढे एफएम वाहिन्याही आल्या. आज पुष्कळदा निवेदक बोलता बोलता स्वतःच फलक हाताळतो. म्हणून भाषेच्या अभ्यासकालाही या यंत्राची ओळख असणे आवश्यक आहे.

चॅनेलची रचना

फलकावरील प्रत्येक उभी पट्टी म्हणजे एक चॅनेल. एका चॅनेलवर निवेदकाचा माइक, दुसऱ्यावर ध्वनिमुद्रित गाणे, तिसऱ्यावर श्रोत्याचा दूरध्वनी अशी विभागणी असते. जुन्या फलकात सामान्यतः ध्वनीचा विद्युत्-संकेत प्रत्यक्ष फेडरमधून जात असे. डिजिटल फलकात फेडर केवळ आपली जागा कळवतो. आवाज कमी-अधिक करण्याचे गणित आतील प्रोसेसर करतो. त्यामुळे कोणत्या पट्टीवर कोणता स्रोत हवा हे ठरवता येते आणि कार्यक्रमागणिक मांडणी साठवताही येते. मात्र काल जी पट्टी गाण्याची होती, ती आज माइकची असू शकते. आसनावर बसताच प्रथम पट्टीवरील नाव वाचावे, ते यासाठीच.

चॅनेलवरील प्रमुख नियंत्रणे अशी :

(अ) गेन : स्रोताची मूळ पातळी ठरवतो. हळू बोलणारा पाहुणा आणि खणखणीत आवाजाचा निवेदक यांच्यातील फरक येथे भरून काढावा.

(आ) क्यू : प्रक्षेपणात न पाठवता स्रोत ऐकण्याची सोय. पुढील गाणे तेच आहे ना, दूरध्वनीवर श्रोता आहे ना, याची खात्री याने होते.

(इ) चालू-बंद कळ : माइक चालू होताच स्टुडिओतील स्पीकर सामान्यतः आपोआप मूक होतात आणि लाल दिवा लागतो. स्पीकर मूक झाले नाहीत, तर त्यांचा आवाज माइकमध्ये शिरून कर्कश शीळ उमटू शकते.

(ई) फेडर : वर-खाली सरकणारी मूठ. तिच्या बाजूला डेसिबलच्या खुणा असतात. ‘शून्य’ या खुणेवर संकेत न वाढता, न घटता पुढे जातो. तेथून ६ डेसिबल खाली आल्यास संकेताचे व्होल्टेज जवळजवळ निम्मे होते. कानाला आवाज निम्मा वाटण्यासाठी मात्र सुमारे १० डेसिबलची घट लागते.

वाक्य आणि फेडर

मराठीत क्रियापद आणि नकार बहुधा वाक्याच्या शेवटी येतात. वाक्य संपताना आवाजही उतरतो. नेमक्या याच क्षणी फेडर खाली येतो किंवा संगीत वर चढते. ‘उद्या या भागातील शाळा सुरू राहणार नाहीत’ या वाक्यातील शेवटचा शब्द बुडाला, तर उलट सूचना घरोघरी पोहोचते. आरंभीही हाच धोका आहे. ‘असुरक्षित रस्त्यांची यादी ऐका’ असे म्हणताना फेडर अर्ध्या क्षणाने उशिरा उघडला, तर ‘अ’ गळतो आणि असुरक्षित रस्ते ‘सुरक्षित’ होतात.

२३ सप्टेंबर २०२३ रोजी पहाटे अतिवृष्टीने अंबाझरी तलाव ओसंडून नागपुरातील अनेक वस्त्यांत पाणी शिरले. अशा वेळी द्यावयाच्या सूचनेत एका अक्षराचे मोल किती असते, हे वेगळे सांगायला नको.

यावर दोन उपाय आहेत. पहिला हाताचा : श्वास घेण्यापूर्वी फेडर उघडावा आणि शेवटच्या अक्षराचा नाद विरल्यावरच खाली आणावा. दुसरा लेखणीचा : महत्त्वाचा अर्थ वाक्याच्या टोकावर ठेवू नये. ‘उद्या शाळा बंद राहतील’ असे लिहिल्यास ‘राहतील’ हरवले, तरी ‘बंद’ पोहोचतो.

सारांश

गेनने पातळी ठरते, क्यूने खात्री होते, कळीने मार्ग खुला होतो आणि फेडरने प्रमाण राखले जाते. ही चारही कामे वाक्याच्या आदी-अंताचे भान ठेवून करावीत.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. गेन आणि फेडर यांच्या कार्यांतील फरक स्पष्ट करा.
२. डिजिटल फलकावर पट्टीचे नाव वाचणे का आवश्यक आहे?
३. पहिले किंवा शेवटचे अक्षर गळल्यास अर्थ उलटेल अशी पाच मराठी वाक्ये लिहा व ती प्रक्षेपणासाठी सुरक्षित स्वरूपात पुन्हा लिहा.