ऐकू येते, पण उमगत नाही

कान आवाज आत नेतो, पण त्याचा अर्थ मेंदू लावतो. कानाचा पडदा थरथरतो, त्यामागची ३ चिमुकली हाडे ती थरथर आत पोचवतात आणि तिथून नस तिचा संदेश मेंदूकडे नेते.

माझ्या धाकट्या भावाचे कान डॉक्टरांनी तपासले. ऐकू चांगलं येतं. पण गलक्यात शब्द एकमेकांत मिसळतात. 'ताट आण' म्हटलं की तो पाट आणतो. कोणी त्याला बहिरा म्हणतं, कोणी बावळट. तो दोन्ही नाही.

घरी आम्ही असं करतो :

१) आधी टीव्ही बंद. मग नाव घेऊन हाक मारायची आणि समोर बसून बोलायचं.

२) एका वेळी एकच काम सांगायचं आणि त्याच्याकडून परत वदवून घ्यायचं. जमलं की दोन कामं.

३) ओरडायचं नाही. ओरडून आवाज वाढतो, शब्द स्पष्ट होत नाही.

४) रोज १० मिनिटं खेळ. तो डोळे मिटतो, मी वाटी, काठी, नाणं वाजवते. कशाचा आवाज ते तो ओळखतो. मग जोड्या : ताट-पाट, गार-घार, कडी-खडी. शब्द तोच की वेगळा, ते सांगायचं.

आता घरात शांत असताना तो ३ कामं बरोबर करतो. वर्गातल्या गोंगाटात मात्र अजून अडतो. म्हणून बाईंनी त्याला पहिल्या रांगेत बसवलंय आणि सूचना त्या फळ्यावर लिहितात.

मित्रांनो, त्याने 'काय?' विचारलं तर हसू नका. समोर या आणि सावकाश पुन्हा सांगा.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी