नवी चाळिशी

चाळिशी उलटली की डोळ्यातले भिंग ताठर होते. जवळची अक्षरे पुसट दिसतात. म्हणूनच वाचायच्या चष्म्याला आपण चाळिशी म्हणतो.

आता प्रोग्रेसिव्ह नावाचा चष्मा मिळतो. १९५९ साली तो फ्रान्समध्ये विक्रीस आला. त्याच्या काचेवर रेघ नसते. वरून लांबचे दिसते, मधून हातभर अंतरावरचे, खालून पुस्तक. खालच्या भागाच्या दोन्ही कडा मात्र धूसर असतात.

मीही तो घेतला. पाथर्डीत घरी पेपर उघडला, तर अर्धीच ओळ स्पष्ट! मी नुसते डोळे फिरवीत होतो. नजर धूसर कडेला जात होती.

तेव्हा असे करा. पुस्तक खाली धरा. हनुवटी किंचित वर, नजर खाली. ओळ सरकेल तसे नाक शब्दाकडे वळवा.

मढीच्या पायऱ्या उतरताना मात्र हनुवटी खाली घ्या. वाचायच्या भागातून पायरी पुसट दिसते, पाय चुकेल.

काही दिवसांत सवय होते. न झाल्यास चष्मेवाल्याला दाखवा. पण अक्षर दिसले नाही, म्हणून "मला वाचताच येत नाही" असे म्हणून पुस्तक मिटू नका. आधी मान वळवून बघा!