पोझिशनचा रकाना

मढ गावच्या कबड्डीच्या मैदानात डाव्या कोपऱ्याला उभा राहणारा पोरगा वर्षानुवर्षं डाव्या कोपऱ्यालाच असतो. घोट्याच्या पकडीला त्याचा हात बसलेला असतो, शेजारचा गडी त्याच्या हालचालीवर साखळी धरतो. एखाद्या दिवशी चढाईला माणूस कमी पडला म्हणून त्याला उचलून पुढे पाठवायचं कुणाच्या मनातही येत नाही. खाचरातल्या खेळाला जे कळतं ते पुण्यातल्या एका नावाजलेल्या कॉलेजाच्या फुटबॉल संघाला तीन वर्षांत कळलं नाही.

हा मजकूर लिहिणारा मढचाच. इथून पुढे त्याचा उल्लेख ‘तो’ असा आहे. ‘मी’ म्हणून सांगायला बसलं की अजूनही आवाज चढतो आणि सांगायचं ते राहून जातं.

तो दोन्ही पायांनी सारखाच चेंडू मारायचा. घाटाजवळच्या चढणीवर लहानपण गेलेलं, त्यामुळे दम भरपूर. कॉलेजच्या पहिल्या वर्षी राइट बॅक खेळणाऱ्याची परीक्षा आली, याला तिथे उभं केलं. बरा खेळला. पुढच्या सामन्यात मधल्या फळीतला एक जण आजारी, तर तिथे. मग लेफ्ट आउट, मग स्टॉपर. गोली आलाच नाही त्या दिवशी हातमोजेही चढवले. प्रत्येक वेळी संघाचे सर पाठीवर थाप मारून म्हणायचे, “हा आपला हुकमाचा पत्ता.” त्याला ते आवडायचं. सुट्टीत मढला आला की आईला सांगायचा, “संघात कुठलंही काम पडलं की मलाच बोलावतात.” आई म्हणायची, “मग तुझं काम कुठलं?” त्याला वाटायचं, आईला फुटबॉलमधलं काय कळतंय.

२०१४च्या जुलैत होस्टेलच्या टीव्हीवर विश्वचषक चालू होता. जर्मनीचा कर्णधार फिलिप लाम पहिले सामने मधल्या फळीत खेळला आणि फ्रान्सविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात राइट बॅकला परतला. दुसऱ्या दिवशी मैदानावर सरांनी सगळ्यांसमोर त्याला सांगितलं, “लाम बघ. कुठेही घाल, तक्रार नाही.” तो मान डोलावून गप्प बसला. उत्तर सुचलं ते फार उशिरा. लाम जवळजवळ दहा वर्षं बॅक होता. आधी श्टुटगार्टला, मग बायर्नला. कधी डावीकडे, कधी उजवीकडे, पण बॅक. २००६च्या विश्वचषकातला जर्मनीचा पहिला गोल कोस्टारिकाविरुद्ध त्याने मारला तोसुद्धा लेफ्ट बॅकच्या जागेवरून आत घुसून. बायर्नचा प्रशिक्षक पेप गार्डिओलाने २०१३मध्ये त्याला मध्ये आणलं तेव्हा त्याची मूळ जागा साऱ्या जगाला पाठ होती. ज्याचं घर पक्कं आहे त्याने पाहुणा म्हणून जाणं वेगळं. एकोणीस वर्षांच्या पोराला घरच नव्हतं.

आणि विश्वचषकात लामला राइट बॅकला हलवलं याला कारण होतं. आधीच्या अल्जीरियाविरुद्धच्या सामन्यात राइट बॅक मुस्ताफी जखमी झाला होता. मढच्या पोराला हलवायचं कारण दर आठवड्याला एकच असायचं: कुणीतरी आलं नाही.

त्याच वर्षी विद्यापीठाच्या संघासाठी निवड चाचणी झाली. टेबलामागे तिघं जण, समोर छापील तक्ता. नाव, कॉलेज, जन्मतारीख, उंची. मग विचारलं, “पोझिशन?”

तो म्हणाला, “कुठेही खेळतो, सर.”

लिहिणाऱ्याने पेन उचललं, रकाना कोरा सोडला आणि पुढच्याला हाक मारली. तिरस्काराने नाही, रागानेही नाही. तिथे लिहिण्याजोगं काही मिळालंच नव्हतं. त्याच्या मागे त्याच्याच कॉलेजातला मधल्या फळीतला गडी उभा होता. दुसऱ्या हाफमध्ये त्याचा दम संपला की त्याची जागा आजवर यानेच भरून काढलेली. त्या गड्याने ठणकावून सांगितलं, “सेंटर मिड.” लिहिलं गेलं.

मग संघ पाडले. एका बाजूला गोली नव्हता. कॉलेजचे सर पुढे झाले आणि निवड समितीला म्हणाले, “हा उभा राहील, आमचा हा कुठेही चालतो.” वीस मिनिटांत चेंडू त्याच्याकडे दोनदा आला; दोन्ही वेळा त्याने उचलून लांब मारला. उरलेला वेळ त्याने खांबाला टेकून त्या सेंटर मिडचा खेळ पाहिला. कुठला पास चुकतोय, कुठे उशीर होतोय, सगळं दिसत होतं. संध्याकाळी यादी लागली. सेंटर मिड यादीत होता.

परतीच्या बसमध्ये सरांनी शेंगदाण्याची पुडी पुढे केली. “अरे, विद्यापीठात जाऊन काय करणार होतास? मला इथे तूच लागतोस.” हे वाक्य त्याने आजवर हजारदा मनात फिरवलं आहे. सर वाईट नव्हते. त्यांना रविवारचा सामना काढायचा होता. पण त्या एका वाक्यात तीन वर्षांचा हिशेब उघडा पडला. ज्याच्यामुळे त्यांचं अडत नव्हतं, त्याचं काय अडतंय हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. त्यालाही वेळेवर विचारता आलं नाही, हेही खरंच; पण तो एकोणीस वर्षांचा होता आणि ते पंचेचाळीसचे.

त्यानंतरच्या हंगामात त्याला न विचारता विंगला टाकलं. सराव सगळा मधल्या फळीचा. मधला गडी सामन्यात साधारण १० ते १२ किलोमीटर पळतो, पण बेताच्या वेगाने. विंगच्या गड्याला सारख्या जोरदार धावा माराव्या लागतात. तशा धावांची सवय नसलेल्या मांडीमागच्या स्नायूने चाळिसाव्या मिनिटाला उत्तर दिलं. सहा आठवडे गेले. जागा बदलली की सरावही बदलावा लागतो, हे त्याला फिजिओथेरपीच्या टेबलावर पालथं पडून कळलं. कॉलेजात खेळणाऱ्या प्रत्येकाने एवढं तरी ध्यानात ठेवावं: नवी जागा दिली तर निदान दोन आठवडे त्या जागेच्या धावा मागून घ्याव्यात, आणि नाही मिळाल्या तर पूर्ण सामना खेळायला नाही म्हणावं.

अष्टपैलूपणाला त्याचा विरोध नाही. १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत मोहन बागानचा स्टॉपर जर्नेलसिंग डोक्याला टाके पडलेले असताना सेंटर फॉरवर्डला खेळला. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांचा तो निर्णय. जर्नेलसिंगने उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध गोल केला आणि ४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्धही. भारत २–१ जिंकला. ही गोष्ट प्रत्येक प्रशिक्षक सांगतो. पुढची सांगत नाही: स्पर्धा संपल्यावर जर्नेलसिंग पुन्हा स्टॉपरच झाला आणि आशियातल्या उत्तम बचावपटूंत त्याचं नाव घेतलं गेलं, ते त्याच जागेवर.

जवळचं उदाहरण हवं तर मुंबईच्या राहुल भेकेचं. राइट बॅक आणि स्टॉपर, दोन्हीकडे खेळणारा. १७ मार्च २०१९ला अंधेरीच्या मैदानावर इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यात एफसी गोवाविरुद्ध ११७व्या मिनिटाला त्याने हेडर मारला आणि बेंगळुरू एफसी विजेता ठरला. २०२२च्या एप्रिलमध्ये रियाधला इराकच्या अल-कुवा अल-जाविया संघाविरुद्ध मुंबई सिटीचा विजयी गोलही त्याच्याच डोक्याने. एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा मुंबई सिटी हा पहिला भारतीय क्लब. भेके दोन जागांवर खेळतो, पण त्या एकमेकींना लागून आहेत. चेंडूकडे पाहण्याची दिशा तीच, हवेत उडी घेण्याचं काम तेच. एका जागेवर कमावलेलं दुसरीकडे खर्ची पडतं. गोली आणि लेफ्ट आउट यांत असं काय जुळतं?

तेव्हा दोन जागा धराव्यात, आणि त्या शेजारच्या असाव्यात. राइट बॅक आणि स्टॉपर, किंवा राइट बॅक आणि उजवा विंग, किंवा मधली फळी आणि स्टॉपरच्या पुढची जागा. कुठली पहिली हे ठरवायला त्याने पुढे एक वही केली. प्रत्येक सामन्यानंतर चार ओळी: कुठे खेळलो, किती मिनिटं, चेंडू पायात आला तेव्हा तोंड कुठे होतं, दडपणाखाली किती वेळा चेंडू हरवला. पाठ गोलाकडे असताना तो वारंवार चेंडू हरवायचा, मैदान समोर असताना क्वचित. म्हणजे तो पुढच्या फळीचा नव्हताच. हे कळायला वही लागली. सरांच्या डोळ्यांना ते दिसायला हवं होतं.

सरांशी बोलायचं ते हंगाम सुरू होण्याआधी, सामन्याच्या सकाळी नाही. ‘मला खेळवा’ असं मागू नये. ‘सलग पाच सामने मला एकाच जागेवर द्या, मग बघा’ असं मागावं. सलग हा शब्द महत्त्वाचा. एखाद्या मित्राला फोनवर सगळा सामना चित्रित करायला सांगावं, फक्त गोल नव्हेत. २०२२पासून पाच बदली खेळाडूंचा नियम कायम झाल्यामुळे दोन जागा येणाऱ्याला बाकावरूनही बरीच मिनिटं मिळू शकतात. सात जागा येणाऱ्याला बाकच मिळतो.

घरच्यांनीही थोडं विचारावं. पेपरात नाव आलं का, एवढंच गावाकडे विचारतात. त्याच्या आईने विचारलेला ‘मग तुझं काम कुठलं?’ हा प्रश्न तीन वर्षांत कुणा प्रशिक्षकाने विचारला नाही.

त्याचा भाचा ओतूरहून पुण्याला कॉलेजात गेला आहे. परवा त्याचा फोन आला, “मामा, उद्या ट्रायल आहे, पोझिशन काय सांगू?” पहिली सेंटर मिड, दुसरी स्टॉपरच्या पुढची, असं त्याने सांगितलं आणि दोनदा म्हणवून घेतलं. “आणि गोलमध्ये उभा राहा म्हणाले तर?” भाच्याने विचारलं. कॉलेजचा सामना अडला असेल तर जरूर राहा, तो म्हणाला, पण उद्या नाही. उद्या कुणीही सांगितलं तरी नाही.